चेकरचा पगार

माझा नवरा फुटबॉल खेळायचे महिना साठ रुपये पगार घेत असे. हे मी कधी लपवलं नाही आणि लपवावं असं मला वाटलंही नाही. पण नाशकात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, "बॉलला लाथा मारायचे साठ रुपये?" नळावर बायका विचारायच्या, भाजीवाली मेथीची जुडी हातात धरून ठेवून विचारायची. शाळामास्तरला पंचवीस मिळतात, हेही वर ऐकवायच्या. मी म्हणायचे, मग पाठवा की मास्तरांना मैदानावर, आमची काही हरकत नाही.

ही सन पस्तीस-छत्तीसच्या सुमाराची गोष्ट. माझं माहेर वणीचं. वडिलांचं तिथे बांगड्यांचं दुकान, आणि मी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे जीभ लहानपणापासूनच मोकळी. नवऱ्याचं नाव घ्यायची तेव्हा पद्धत नव्हती. पण गोष्ट सांगताना 'हे' आणि 'त्यांनी' करत बसले, तर कोण कोणाला काय म्हणालं ते कुणालाच कळायचं नाही. म्हणून सरळ निजाम म्हणते.

निजाम भिमाजीशेठच्या टीममध्ये होता. शेठच्या सर्व्हिस मोटारी नाशकाहून दिंडोरी, वणी आणि देवळालीला धावायच्या. शेठला खेळातलं ओ की ठो कळत नसे. आपला गोल कुठला हे तो शेजारच्याला विचारायचा. पण टीमने देवळालीच्या गोऱ्या सोल्जरांना हरवलं की साहेब लोक शेठशी हात मिळवायचे, आणि छावणीची माणसं ने-आण करायचं काम शेठच्याच मोटारींना मिळायचं. शिवाय मैदानाभोवती कनात लावून माणशी दोन आणे तिकीट. निजाम खेळणार असला की कनातीच्या दोऱ्या ताणून तुटायला यायच्या.

आता यात एक मेख होती. साहेब लोकांचा कप हौशी खेळाडूंसाठी होता. खेळायचे पैसे घेणारा माणूस चालत नसे. गावाला सगळं ठाऊक, पण साहेबांपुढे सापडला तर अख्खी टीम बाद. म्हणून सगळ्याच टीमवाल्यांनी एक रीत पाडली होती. खेळाडूला कागदावर कसला तरी नोकर दाखवायचा. एका तेलघाणीवाल्याचा गोलकीपर कागदावर तेल मोजायचा. त्या बाबाने पळीसुद्धा कधी हातात धरली नसेल. निजाम कागदावर चेकर होता, मोटारीतली तिकिटं तपासणारा. त्याला खाकी कोट, टोपी आणि पितळी बिल्ला मिळाला होता. तो कोट आमच्या खुंटीवर टांगलेला असायचा. माझी सासू गुलजारबी दर शुक्रवारी त्याची धूळ झटकायची आणि परत टांगायची. निजामने तो अंगात घातलेला मी पाहिला नव्हता.

खरा चेकर होता सोमा. वणीपासून नाशकापर्यंत दिवसभर धूळ खायचा आणि बावीस रुपये मिळवायचा. एक दिवस तो शेठपुढे जाऊन उभा राहिला. "शेठ, निजाम चेकर, मी बी चेकर. त्याला साठ अन् मला बावीस. ह्यो कुठला न्याय?"

सोमा खोटं बोलला नव्हता. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच बोलले असते, जरा जास्तच आवाज चढवून. पण शेठने न्याय काय केला? सोमाचा पगार वाढवला नाही, निजामचा कमी केला. सगळ्या ड्रायव्हर-क्लीनरांना जमवून सांगितलं, "आमच्याकडे भेदभाव नाही. चेकरला बावीस म्हणजे बावीस." माणसं खूश होऊन घरी गेली. सोमाच्या तव्यावर एक भाकरी वाढली नाही. फक्त आमच्या तव्यावरच्या कमी झाल्या. लोकांना एवढंही पुरतं, याचा मला आजही संताप येतो.

निजामने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कांदा चिरत होते. विळी बाजूला सारली.

"तुम्ही काय बोललात?"

"काय बोलणार? शेठ आहे."

"शेठ आहे तर पाय त्याचे आहेत का?"

 निजाम उजव्या गुडघ्यावरून हात फिरवत बसला. तो गुडघा मी रोज तेल लावून चोळायचे. थंडीत तो कुरकुरायचा. आणि तो असा कुरकुरला की आम्हा दोघांना एकच माणूस आठवायचा, गोटीराम. निजामच्या आधी शेठच्या टीमचा वाघ म्हणजे गोटीराम. एका मॅचला त्याचा गुडघा उलटा फिरला. शेठने मोसंब्यांची करंडी पाठवली आणि पुढच्या महिन्यात त्याला कामावरून काढलं. आता गोटीराम मोटार स्टँडवर पाय ओढत इंजिनात पाणी ओतायचा, आणि ड्रायव्हर देतील ते घ्यायचा. ज्या लोकांनी त्याला खांद्यावर नाचवला होता, तेच त्याला म्हणायचे, "ए लंगड्या, हो बाजूला."

म्हणून मी म्हणते, साठ रुपये त्या दिवसाच्या खेळाचे नव्हतेच. मास्तर म्हातारा होईपर्यंत शिकवतो. आमच्या माणसाचा पाय कुठल्या शनिवारी जाईल याचा नेम नव्हता. बावीस रुपयांत तो पाय शेठला वापरू द्यायचा, म्हणजे गोटीरामच्या शेजारी जागा धरून ठेवायची.

"मग खेळू नका," मी म्हणाले.

"शनिवारी सोल्जरांशी फायनल आहे. नाही खेळलो तर शेठ काढून टाकेल."

"काय म्हणून काढेल? फुटबॉल खेळला नाही म्हणून? असं तो बोलू शकतो का साहेबांपुढे? तुम्ही चेकर आहात. तुमचा मालकच चार माणसांत म्हणाला ना, चेकरला बावीस? मग बावीस रुपयांचं चेकरचं काम करा." मी खुंटीकडे बोट केलं. "तो कोट काढा."

निजाम माझ्याकडे बघत राहिला, आणि मग असा हसला की सासू आतून धावत आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "या अल्लाह, ही पोरगी घर बसवणार आहे का उठवणार आहे? बावीस तरी येतायत, तेही घालवा." माझ्याशी ती दोन दिवस धड बोलली नाही. पण शुक्रवारी तिने कोट झटकला, आणि यावेळी इस्त्रीला दिला.

पुढचं काम शेठनेच आमच्यासाठी करून ठेवलं. फायनलला गर्दी होणार म्हणून त्याने सोमाला मैदानाच्या दारावर तिकिटं फाडायला नेमलं. त्यामुळे शनिवारी दुपारच्या वणीच्या मोटारीला चेकर उरला नाही. निजाम ऑफिसात गेला आणि म्हणाला, मी जातो. कारकुनाचं डोकं फायनलच्या तिकिटांत गुंतलेलं. "जा," म्हणाला.

मला तशीही भावाला बघायला वणीला जायचं होतं. मी त्याच मोटारीत बसले, पुढे बायकांच्या बाकावर. निजाम कडक कोट-टोपी घालून आला. त्याने पहिलं तिकीट माझं विचारलं.

"मी तुमची बायको आहे," मी बुरख्यातून हळूच म्हणाले.

"बाई, तिकीट."

काढलं तिकीट. काय करता! मागच्या बाकावर शेठचा मेहुणा दोन पोती घेऊन बसला होता. तो आयुष्यात कधी तिकीट काढून बसला नव्हता. निजामने त्याचं आणि पोत्यांचंही भाडं घेतलं. मेहुणा ओरडला, "मला ओळखत नाहीस?" निजाम म्हणाला, "ओळखतो ना. म्हणूनच भाडं आधी मागितलं." पुंजा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता.

मैदान दिंडोरी नाक्याजवळच, रस्त्याला लागून. मोटार तिथे पोचली तर रस्ता माणसांनी फुललेला. कनातीच्या आत तर मुंगीला जागा नव्हती, आणि आतून बाहेरून एकच गलका, "निजाम कुठाय? निजाम कुठाय?" एवढ्यात कुणाला तरी फूटबोर्डवर खाकी कोटातला माणूस दिसला.

"अरे, हा काय निजाम! मोटारीवर!"

झालं. माणसं मोटारीपुढे आडवी झाली. पुंजाने ब्रेक दाबला. माझ्या शेजारी कुसाबाई नावाची वणीकडची म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. ती म्हणाली, "काय झालं गं बाई? दरोडा हाय का?"

"नाही मावशी. मॅच आहे."

गर्दीतून वाट काढत भिमाजीशेठ आला. फेटा तिरपा, अंगाला घाम. त्याच्या मागे सोमा, हातात फाडलेली तिकिटं. आणि मोठा घोळका बघून कप भरवणारा गोरा कर्नलसाहेबही आपल्या देशी सेक्रेटरीला घेऊन तिकडेच आला.

"निजाम, हा काय तमाशा आहे?" शेठ दात ओठ खात पण हळू आवाजात म्हणाला. "उतर खाली. खेळ सुरू व्हायचाय."

"शेठ, ड्युटी आहे," निजाम मोठ्याने म्हणाला. "वणीला जायचंय. पॅसेंजरांचा खोळंबा होतो."

साहेबाने सेक्रेटरीला विचारलं, हा कोण? सेक्रेटरी म्हणाला, चेकर, आणि टीमचा मुख्य खेळाडू, पण ड्युटी आहे म्हणतो. साहेबाने निजामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, इस्त्रीचा कोट पाहिला, आणि खूश होऊन म्हणाला, "ड्यूटी फर्स्ट! व्हेरी गुड मॅन!"

शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. इकडे लोक ओरडायला लागले, "निजाम नाही तर तिकिटाचे पैसे परत करा!" कनातीचा एक बांबू पडला. मग दुसरा पडला.

शेठ मोटारीला चिकटला आणि कुजबुजला, "बरं बाबा, तुझे साठ कायम. आता उतर."

"कशाचे साठ, शेठ?" निजामने असं विचारलं की पलीकडच्या झाडावरच्या माणसांनाही ऐकू जावं. "मोठ्याने सांगा. मी काय केलं म्हणजे साठ?"

आता शेठ काय सांगणार? खेळायचे म्हणाला, तर शेजारी साहेब उभा. टीम बाद, कप गेला, छावणीचं कामही गेलं. तो नुसता तिरपा फेटा सरळ करत राहिला. निजामही फूटबोर्डवरून हलेना. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. आता शेठ चिडून म्हणाला असता ना, की जा वणीला आणि परत येऊच नकोस, तर आमचे बावीसही गेले होते. दोघंही पुरुष तिढ्यात अडकून उभे. मग मीच खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"अहो शेठ, त्यात काय एवढं? सरळ म्हणा, चेकरचा पगार साठ रुपये."

सगळी गर्दी माझ्याकडे वळली. बुरख्यातून आवाज येतो म्हटल्यावर जरा शांतताही झाली.

"ही कोण?" शेठ म्हणाला.

"पॅसेंजर आहे," मी म्हणाले. "तिकीट काढलंय. आणि म्हणा, चेकर आजारी पडला, त्याचा पाय मोडला, तरी पगार चालू."

"चेकरचा पाय कशाला मोडेल?"

"मोटारीतून उतरताना मोडेल. तुमच्या पायऱ्या फार उंच आहेत."

लोक हसले. कनातीचा तिसरा बांबू पडला, तसा शेठ ओरडला, "बरं! चेकरचा पगार साठ रुपये! आजारपणातही चालू! झालं समाधान?"

आणि तेव्हा सोमा पुढे आला. त्याने फाडलेली तिकिटं खिशात कोंबली आणि डोक्यावरची टोपी नीट केली. "शेठ, मी बी चेकर हाय."

 मग असा काही हशा पिकला की मोटारीतल्या कोंबड्या घाबरून ओरडायला लागल्या. शेठ सोमावर धावून जाणार होता. "तू? तुला कशाचे साठ रे?"

"तुम्हीच म्हनले शेठ, तुमच्याकडं भेदभाव नाय."

तोवर सेक्रेटरीने साहेबाला समजावून दिलं होतं की शेठने आपल्या चेकरांचा पगार वाढवला आहे. साहेबाने पुढे होऊन शेठचा हात धरला आणि गदागदा हलवला. "बहुत अच्छा मालिक! बहुत अच्छा!" आता हात हातात असताना नाही कसं म्हणणार? शेठने मान हलवली. सोमाने ती हललेली मान चार जणांना साक्षीला ठेवून बघून घेतली.

निजाम उतरला. कोट, टोपी, बिल्ला सगळं सोमाच्या हातात दिलं, पायाला पट्टी गुंडाळली आणि कनातीच्या आत गेला.

मोटार काही पुढे गेली नाही. पुंजा म्हणाला, इंजिन तापलंय. इंजिन कसलं तापतंय, नुकते तर निघालो होतो. पण एकाही पॅसेंजरने तक्रार केली नाही. रस्ता उंचावर होता. मी बाकावर उभी राहिले तर कनातीवरून आतलं सगळं मैदान दिसत होतं.

मी निजामचा खेळ कधीच पाहिला नव्हता. आमच्यातल्या काय, कुणाच्याच घरच्या बायका कनातीच्या आत जात नसत. मला त्याचा खेळ म्हणजे धुवायच्या चड्ड्या, नडगीवरची काळीनिळी सूज आणि लोकांच्या तोंडचं कौतुक, एवढाच माहीत. तरी मी त्याच्यासाठी जगाशी भांडत होते.

सुरुवातीला तर माझी निराशाच झाली. सगळे धावत होते आणि निजाम आपला एका कडेला उभा.

"तुझा दादला व्हय तो?" कुसाबाईने विचारलं. "तो तं नुसता उभाच हाय."

 आणि मग बॉल त्याच्याकडे आला.

काय सांगू! शेळीचं करडू पायात घुटमळावं तसा बॉल त्याच्या पायात घुटमळायला लागला. समोरचे गोरे त्याच्याहून हातभर उंच, पायात जाडजूड बूट, आणि हा अनवाणी. एक अंगावर आला, निजाम तिथे नव्हता. दुसरा आला, तो आपल्याच जोरात घसरून पडला. घरात चहाचा कप आपल्या हाताने न उचलणारा हा माणूस, त्याच्या अंगात हे सगळं कुठे लपून बसलेलं असायचं? शेजारी बसून रोज त्याचा गुडघा चोळणाऱ्या मला ते कधी कळलंच नव्हतं. मी बुरख्याचा पडदा वर टाकला. बघेनात का लोक.

मग तिसऱ्याने त्याच्या नडगीवर बूट घातला. तो आवाज मोटारीपर्यंत आला. निजाम दुमडून खाली पडला. रेघेपाशी बसलेला गोटीराम स्वतःचाच गुडघा दोन्ही हातांनी धरून अर्धवट उठला.  साठ काय नि बावीस काय, माझा माणूस मला परत द्या, असं मला ओरडावंसं वाटलं.

निजाम उठला. लंगडत दोन पावलं चालला, पाय झटकला. आणि बॉल परत त्याच्याकडे आला तेव्हा त्याने तो त्याच दुखऱ्या पायाने असा मारला, की गोऱ्यांचा गोलकीपर हात वर करून उभा आणि बॉल त्याच्या मागे जाळ्यात.

लगेच खेळ संपल्याची शिट्टी झाली, कप आमचा झाला, आणि हजारो माणसं एकदम ओरडली. हमाल, टांगेवाले, वकील, भटजी, सगळे. ज्यांनी मला नळावर आणि बाजारात साठ रुपये ऐकवले, त्यांचे नवरे आणि भाऊ तिथे पागोटी उडवत होते. कुसाबाई बाकावर चढून माझ्या खांद्याला धरून नाचत होती. मला रडू फुटलं. आणि रडता रडता भयंकर राग आला, कारण मैदानावर माणसं हार घेऊन धावली होती आणि ते हार पडत होते भिमाजीशेठच्या गळ्यात.

गोल निजामने मारला, नडगी निजामची फुटली, आणि झेंडूत मान बुडवून हात जोडत फिरत होता शेठ. साहेबाच्या शेजारून मिरवत मिरवत तो रस्त्याच्या बाजूला आला. मोटारीतल्या पॅसेंजरांकडे बघूनही त्याने हात जोडले.

"भिमाजीशेठ!" मी हाक मारली. उघड्या तोंडाने, सगळ्या दिंडोरी नाक्याला ऐकू जाईल अशी.

शेठने वर बघितलं. सोमाही दारातून वळला.

"साठ मी खेळ न बघता बोलले होते. आता बघितलाय. चेकरचा पगार ऐंशी!"

शेठने हारातून मान बाहेर काढायच्या आत साहेबाने सेक्रेटरीला विचारलं, बाई काय म्हणतात. आणि सेक्रेटरीने सांगायला सुरुवातही केली, की शेठने चेकरांचा पगार पुन्हा वाढवला.